एकच वारा, निरनिराळ्या प्रकृती

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय जनपदोद्ध्वंसाचा, म्हणजे एखाद्या प्रदेशातील सबंध लोकवस्तीच्या एकाच वेळी होणाऱ्या नाशाचा विचार करतो. पांचाल देशात, कांपिल्य नगरीच्या परिसरात, उन्हाळ्याच्या अखेरीस गंगाकाठच्या वनातून शिष्यांसह फिरत असता पुनर्वसु आत्रेयांना ग्रहनक्षत्रे आणि ऋतू यांचे रूप बिघडलेले दिसते, आणि ते अग्निवेशाला सांगतात की, पृथ्वीचा रस नाहीसा होण्यापूर्वीच औषधी काढून ठेवाव्यात, कारण साथ दूर नाही. त्यावर अग्निवेश जे विचारतो ते भारतीय विचारपरंपरेतील अत्यंत मूलगामी प्रश्नांपैकी एक आहे. तो वैद्यकाच्या ग्रंथात आला म्हणूनच बहुधा दर्शनशास्त्राच्या चर्चेत त्याला मिळायला हवे होते ते स्थान मिळाले नाही. माणसांची प्रकृती, आहार, देह, बळ, सात्म्य (म्हणजे सवयीने अंगाला मानवणाऱ्या गोष्टी), मन आणि वय ही सारी निरनिराळी असताना एकाच रोगाने, एकाच काळी, सगळ्यांचा नाश कसा होऊ शकतो, अशी त्याची शंका आहे.

या शंकेची धार आयुर्वेदाच्या मांडणीकडे पाहिल्यावरच लक्षात येते. रोगी हा प्रत्येक वेळी एकच असतो, त्याची प्रकृती त्याचीच असते, एकाला पथ्य ते दुसऱ्याला अपथ्य ठरू शकते, आणि म्हणून वैद्याने रोगाइतकाच रोग्याचा विचार करावा, या पायावर हे शास्त्र उभे आहे. साथीत मात्र वातप्रकृतीचा आणि कफप्रकृतीचा, तरणा आणि म्हातारा, मिताहारी आणि खादाड, असे सगळेच एका पंक्तीत बसतात, आणि तेवढ्याने व्यक्तिनिष्ठ वैद्यकाचा पायाच डळमळतो. आत्रेयांचे उत्तर असे की, प्रकृती वगैरे गोष्टी भिन्न असल्या तरी चार गोष्टी सर्वांना समान असतात: वायू, उदक, देश आणि काळ. या चार भावांना विकृती आली की भिन्न प्रकृतींच्या माणसांनाही एकच रोग गाठतो. बिघडलेल्या वाऱ्याची लक्षणे सांगताना तो ऋतूशी विपरीत असणे, अगदी पडलेला किंवा फार सोसाट्याचा असणे यांबरोबरच न मानवणारा गंध, वाफ, वाळू, धूळ आणि धूर यांनी तो दूषित असणे, असाही उल्लेख येतो. आजच्या कोणत्याही औद्योगिक शहरातील हवेच्या तपासणीत या यादीतील बहुतेक गोष्टी निराळ्या नावांनी नोंदवल्या जातात.

या चार भावांचा एक क्रमही ग्रंथात दिला आहे. वाऱ्यापेक्षा पाणी, पाण्यापेक्षा देश आणि देशापेक्षा काळ हा टाळण्यास अधिक कठीण, असा तो क्रम आहे. बाधलेल्या वाऱ्यापासून आडोशाला बसता येते, पाणी मात्र प्यावेच लागते, देश सोडणे त्याहून अवघड आणि काळातून बाहेर पडणे तर अशक्य, असा त्यामागचा तर्क समजण्याजोगा आहे. आजच्या वाचकाला मात्र या क्रमाची पहिली पायरी उलटी लावावी लागेल. पाणी उकळता येते, गाळता येते, ऐपत असेल तर विकत घेता येते. प्रौढ माणूस दिवसाकाठी दहा हजार लिटरहून अधिक हवा आत घेतो, आणि ती निवडून घेण्याची सोय त्याला जवळजवळ नसते. ज्यांना पीएम २.५ म्हणतात ते, म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाचे, केसाच्या जाडीच्या वीस-पंचवीस पटींनी बारीक असे कण भिंतींच्या फटींतून घरात शिरतात, फुप्फुसाच्या शेवटच्या वायुकोशांपर्यंत पोचतात आणि तेथून रक्तातही उतरतात. त्यांचे वार्षिक सरासरी प्रमाण दर घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅमच्या वर नसावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवले. भारताने २००९ मध्ये ठरवलेली मर्यादा ४० मायक्रोग्रॅमची आहे. अशा धुरापासून आडोसा घेणे ही चरककाळापेक्षा आज कितीतरी अवघड बाब झाली आहे.

अग्निवेशाचे समाधान एवढ्याने होत नाही. हे चार भाव मुळात बिघडतातच का, असे तो पुढे विचारतो, आणि येथे वैद्यकाचा प्रश्न धर्माचा प्रश्न होतो. आत्रेयांच्या मते त्या बिघाडाचे मूळ अधर्मात आहे, आणि अधर्माचे मूळ प्रज्ञापराधात, म्हणजे बुद्धी, धैर्य आणि स्मृती ढळल्यामुळे माणसाच्या हातून होणाऱ्या चुकीच्या कृतीत आहे. साथीच्या रोगाला पाप कारणीभूत असते, असे एवढेच ऐकले तर आधुनिक वाचक ग्रंथ मिटून ठेवील, आणि त्याला फारसा दोषही देता येणार नाही, कारण आजाऱ्यालाच त्याच्या आजाराबद्दल अपराधी ठरवण्याची खोड धर्मविचाराला फार जुनी आहे. परंतु अधर्माचा प्रवास ग्रंथात कोणत्या वाटेने होतो हे पाहिले की चित्र पालटते. देश, नगर, व्यापारी पेठा आणि जनपदे यांचे प्रमुख जेव्हा धर्म ओलांडून प्रजेशी वागतात तेव्हा अधर्माला प्रारंभ होतो; त्यांच्या आश्रयाने राहणारे, त्या आश्रितांच्या आश्रयाने राहणारे, नगरवासी आणि व्यवहारावर पोट भरणारे लोक तो वाढवीत नेतात; मग ऋतू बिघडतात, पाऊस वेळेवर पडत नाही, वारा नीट वाहत नाही, जमीन बिघडते, पाणी आटते, औषधी आपला गुण सोडतात. यातील देवतांनी प्रदेश सोडून जाण्याचा दुवा वगळला तरी उरलेली साखळी अधिकारापासून हवेपर्यंत आणि हवेपासून शरीरापर्यंत येते, आणि तिच्यात रोग्याचा क्रमांक सर्वांत शेवटचा लागतो. पाप करणारा आणि भोगणारा हे दोघे एकच असले पाहिजेत, असा आग्रह येथे दिसत नाही.

या जागी कर्मसिद्धान्ताशी गाठ पडणे अटळ आहे, कारण ज्याचे कर्म त्यालाच फळ, हे त्या सिद्धान्ताचे हृदय आहे. एखाद्या वस्तीतील सगळी माणसे एकाच वर्षी दम्याने बेजार झाली, तर त्या सगळ्यांच्या पूर्वजन्मीच्या कृत्यांचा हिशेब नेमका त्याच वर्षी पुरा झाला, असे तरी मानावे लागेल, किंवा कर्माबाहेरही दुःखाची कारणे असतात, हे तरी कबूल करावे लागेल. चरकसंहितेने कर्माला पुरती रजा दिलेली नाही. ज्यांच्या वाट्याला मृत्यू आणून देणारे कर्म सामायिक नाही त्यांच्यासाठी चिकित्सा सांगितली आहे, म्हणजे सामायिक कर्माची शक्यता उघडी ठेवली आहे. याहून स्पष्ट भूमिका पाली त्रिपिटकातील संयुत्तनिकायात आढळते. मोलियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो की, माणूस जे जे सुखदुःख अनुभवतो ते सगळे पूर्वीच्या कर्मामुळेच, असे काही श्रमण आणि ब्राह्मण म्हणतात, त्याविषयी काय समजावे. त्यावर बुद्ध पित्त, कफ, वात, या तिघांचा संनिपात, ऋतूंचे पालटणे, विषम वर्तन, बाहेरून झालेला आघात आणि शेवटी कर्मविपाक अशी वेदनांची आठ कारणे मोजतात, आणि सर्व काही पूर्वकर्मातून येते असे म्हणणारे लोक स्वतःच्या अनुभवाच्या आणि जगात सत्य म्हणून मान्य असलेल्या गोष्टींच्याही पुढे धावतात, असा निर्वाळा देतात. आठ कारणांत कर्म हे एक कारण आहे, आणि ऋतू हे दुसरे. कर्माला मोडीत न काढता त्याच्या शेजारी बाहेरच्या जगाला जागा करून देणारी ही मांडणी तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने विलक्षण संयत म्हणावी लागते.

आयुष्य ठरलेले असते की नसते, हा प्रश्न चरकसंहितेच्या त्याच अध्यायात पुढे येतो, आणि त्याचे उत्तर गाडीच्या आसाच्या दृष्टान्ताने दिले आहे. चांगला आस योग्य वापरात राहिला तर झिजत झिजत आपल्या मुदतीला संपतो. परंतु तोच आस अति भाराने, खाचखळग्यांच्या वाटेने, वाट सोडून चालवल्याने, चाक मोडल्याने, बैलाच्या किंवा हाकणाऱ्याच्या दोषाने, वंगण न मिळाल्याने मधेच मोडतो. या यादीतील काही दोष आसाच्या धन्याचे आहेत, काही मात्र नाहीत, आणि वाट खराब असणे हा दोष तर आसाचा, बैलाचा किंवा हाकणाऱ्याचा यांपैकी कोणाचाच नाही. वाट कोणी बांधली आणि ती कोणी दुरुस्त करायची, हे विचारल्याशिवाय त्या दृष्टान्ताचा अर्थ पुरा होत नाही. चरकाने तो प्रश्न येथे काढलेला नाही, पण प्रमुखांच्या अधर्माविषयीचे त्याचे आधीचे विवेचन त्याला लागूनच ठेवलेले आहे.

आधुनिक साथरोगशास्त्र, म्हणजे लोकसमूहांत रोग कसे व का पसरतात याचे शास्त्र, याच अडचणीपाशी निराळ्या वाटेने आले. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५ मध्ये लिहिलेल्या एका गाजलेल्या लेखात दोन प्रश्न वेगळे केले: या माणसाला हा रोग का झाला, हा एक, आणि या समाजात हा रोग इतका का आहे, हा दुसरा. समाजातील प्रत्येक माणूस रोज वीस सिगारेटी ओढत असता, तर कोणाला फुप्फुसाचा कर्करोग होतो आणि कोणाला नाही, हे तपासणाऱ्या संशोधकांना तो आनुवंशिक रोग वाटला असता, असे त्यांचे उदाहरण आहे. जी बाधा सर्वांना सारखी असते ती व्यक्तीव्यक्तींची तुलना करून दिसतच नाही. तिथे प्रकृतिभेद तेवढा नजरेला येतो आणि समान कारण डोळ्यांआड होते. अग्निवेशाच्या शंकेचे हे जवळजवळ नेमके प्रतिबिंब आहे, फक्त दिशा उलटी आहे, कारण त्याला समान परिणाम दिसत होता आणि प्रकृतिभेद आडवे येत होते. पेट्रोलमधील शिशाचे उदाहरण या ठिकाणी पुरेसे बोलके ठरते. वाहनांच्या धुरातून शिसे रस्त्यावर, मातीत आणि मुलांच्या रक्तात साचत गेले, मुलांच्या बुद्धीच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो आणि त्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक मानता येत नाही, हे कळायला दशके लागली. भारताने असे पेट्रोल २००० मध्ये बंद केले, आणि जगातील शेवटच्या देशातील, अल्जीरियातील, त्याची विक्री २०२१ मध्ये थांबली. या सगळ्या काळात कोणत्याही एका मुलाकडे बोट दाखवून, याची मंदता शिशामुळे आली, असे म्हणता येत नव्हते. व्यक्तीच्या आयुष्यभरातील अशा सर्व बाह्य बाधांची, गर्भावस्थेपासूनची, मिळून होणारी बेरीज अभ्यासाचा विषय व्हावी म्हणून ख्रिस्तोफर वाइल्ड यांनी २००५ मध्ये ‘एक्स्पोझोम’ ही संकल्पना मांडली. व्यक्तीचे कर्म जन्मोजन्मी साठते, या कल्पनेशी तिची तुलना करण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा, कारण या संचितात स्वतःच्या कृतीचा वाटा अनेकदा सर्वांत लहान असतो.

दुसऱ्यांच्या कृतीचा वाटा कसा मोजायचा, हा नीतीचा प्रश्न धर्मशास्त्राने एका अनपेक्षित ठिकाणी, घराच्या आतच, हाताळलेला दिसतो. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या पाच ‘सूना’, म्हणजे पाच वधस्थाने, सांगितली आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. या साधनांनी नकळत जीव मारले जातात, आणि त्यांच्याशिवाय संसार चालत नाही, म्हणून गृहस्थाने त्या दोषाच्या निष्कृतीसाठी रोज पाच महायज्ञ करावेत, असे सांगितले आहे. या कल्पनेतील नैतिक जाणीव असामान्य आहे. हेतू नसतानाही हानी होते, ती टाळता येत नसली तरी तिची जबाबदारी टळत नाही, आणि ती हानी रोजची असल्यामुळे तिची फेडही रोज करावी लागते, एवढे तिच्यात सामावलेले आहे. पण त्या चुलीपाशी किडामुंगीखेरीज आणखी कोण मरत होते, हे शास्त्रकाराच्या नजरेला आले नाही. लाकूड, गोवऱ्या आणि काडीकचरा जाळून होणाऱ्या घरगुती धुरामुळे २०२० या वर्षात जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्याची सर्वाधिक झळ फुंकणीने चूल पेटवणाऱ्या बाईला आणि तिच्या कडेवरच्या मुलाला लागते. पंचसूनेचे पातक गृहस्थाच्या नावावर, त्याची फेडही त्याच्याच हातून, आणि धूर मात्र गृहिणीच्या छातीत, अशी ही वाटणी आहे. देवघरातील उदबत्तीचा आणि धुपाचा धूरही सूक्ष्म कणांचाच असतो, आणि बंद खोलीत तो साठून राहतो, ही गोष्ट तर भाविक घरांत आजही सहसा बोलली जात नाही.

एकेकाच्या कृतीने होणारी हानी जाणवण्याइतकीही नसते, तेव्हा दोष कोणाचा, हा प्रश्न इंग्लंडमधील तत्त्वज्ञ डेरेक पारफिट यांनी ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या १९८४ च्या ग्रंथात निरुपद्रवी छळकांच्या कल्पित उदाहरणाने मांडला. हजार माणसांपैकी प्रत्येकजण एक कळ दाबतो आणि प्रत्येक कळीने हजार बंदिवानांच्या वेदनेत न जाणवण्याइतकी भर पडते. वेदना मिळून असह्य होते, पण प्रत्येकाला आपण काहीच केले नाही असे म्हणता येते. ते म्हणणे खोटे आहे, असा पारफिट यांचा निष्कर्ष आहे, कारण आपली कृती कोणत्या समूहाचा भाग आहे हे ठाऊक असलेल्याला तिच्याकडे सुटी म्हणून पाहण्याचा अधिकार नसतो. मोटार चालवणारा शहरवासी या हजारांतलाच आहे. तरीही हा युक्तिवाद जितका पटतो तितकाच तो सोयीचाही ठरतो, हे नोंदवले पाहिजे: दोष सगळ्यांचा म्हटला की धुरांडे उभारणारा आणि दुचाकीवरून कामाला जाणारा हे एकाच मापाने मोजले जातात. चरकाने आधी प्रमुख, मग आश्रित, मग व्यवहारोपजीवी असा उतरता क्रम लावला होता. सामायिक दोषाच्या आधुनिक भाषेत तो क्रम पुष्कळदा हरवतो.

भोगण्याच्या बाजूलाही समानता नसते, आणि येथे आत्रेयांचे उत्तर अपुरे पडते. वायू सर्वांना समान असतो, हे तत्त्व म्हणून खरे. परंतु वाऱ्याला दिशा असते. महाराष्ट्रातील अनेक जुन्या गावांत अस्पृश्य ठरवलेल्यांची वस्ती गावकुसाबाहेर आणि बहुधा पूर्वेच्या अंगाला असे, आणि पावसाळ्यातील मुख्य वारा पश्चिमेकडून येत असल्यामुळे गावावरचा वारा वस्तीवर जाई, वस्तीवरचा गावावर येत नसे. पाण्याची वाटणीही तशीच होती. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी जो सत्याग्रह केला तो चरकाच्या भाषेत सांगायचा तर उदक नावाच्या दुसऱ्या भावासाठी होता. कोणी कोठे राहावे हे जन्माने ठरे, आणि जन्म पूर्वकर्माने ठरे, असे सांगितले जाई, म्हणजे बाधेच्या वाटणीला कर्माचेच शिक्कामोर्तब मिळे. बुद्धाने सीवकाला दिलेले उत्तर विसरले गेल्याचा हा परिणाम होता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडण्याची रीतही याच विचारातली आहे. आपल्या गावातून रोग गेला पाहिजे. शिवेपलीकडे तो कोणाकडे गेला, हे पाहण्याचे काम पुढच्या गावाचे, आणि ते गाव तोच गाडा आणखी पुढे ढकलत असे.

मुंबईतील माहुल हे या सगळ्या प्रश्नांचे आजचे ठिकाण आहे. तेलशुद्धीकरणाचे कारखाने आणि रसायनांच्या टाक्या यांच्यालगत कोळ्यांचे जुने गाव आहे, आणि त्याच परिसरात पुढे शहरातील निरनिराळ्या प्रकल्पांसाठी, विशेषतः तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवताना, विस्थापित झालेल्या हजारो लोकांना इमारतींत आणून बसवले गेले. माहुल व आंबापाडा येथील रहिवाशांच्या आरोग्याला तेथील हवेमुळे धोका आहे, असे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये नोंदवले, आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विस्थापितांना तेथेच राहण्याची सक्ती करता येणार नाही, असे सांगून राज्याने अन्यत्र घरे द्यावीत, नाहीतर प्रत्येक कुटुंबाला दरमहा १५,००० रुपये भाडे आणि अनामत रक्कम द्यावी, असा आदेश दिला. प्रदूषणमुक्त हवा आणि पाणी हा संविधानाच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये म्हटलेले होतेच. यातील लक्षणीय गोष्ट अशी की, कोणत्या रहिवाशाचा कोणता विकार कोणत्या टाकीतील वायूमुळे झाला, हे सिद्ध होईपर्यंत न्यायालय थांबले नाही. समूहाला असलेला धोका व्यक्तीच्या हक्कासाठी पुरेसा मानला गेला. लंडनमध्ये २०१३ साली दम्याने मरण पावलेल्या नऊ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत याच्या उलट वाट चालावी लागली होती. तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेच्या प्रदूषणाची नोंद व्हायला २०२० उजाडावे लागले, आणि ब्रिटनमधील तशी ती पहिलीच नोंद ठरली.

साथीच्या काळासाठी आत्रेयांनी सांगितलेल्या उपायांत पंचकर्म आणि रसायने यांच्याबरोबरच सत्य, भूतदया, दान आणि आरोग्यकारक प्रदेशात जाऊन राहणे हेही येते. शेवटचा सल्ला ज्याच्याकडे दुसरीकडे जाण्याचे बळ आहे त्यालाच उपयोगी पडणारा आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशाने तोच सल्ला राज्यावरचे कर्तव्य म्हणून मांडला, हा त्याचा मोठा गुण. परंतु तो लागू झाला तो बाहेरून आणलेल्यांना, आणि ज्यांचे गावच माहुल होते त्या कोळ्यांना चांगल्या देशी जाऊन राहण्याचा उपाय सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या तक्रारीचा रोख हवा सुधारण्यावर होता. २०२० मध्ये हरित न्यायाधिकरणाने चार कंपन्यांनी मिळून सुमारे २८६ कोटी रुपये भरावेत, असा आदेश दिला, आणि त्याचा आधार प्रदूषण करणाऱ्याने भरपाई करावी हे तत्त्व होता. पंचसूनेच्या निष्कृतीशी या तत्त्वाचे नाते उघड आहे, आणि दोघांतील फरकही तितकाच उघड आहे. गृहस्थाचे प्रायश्चित्त रोजचे होते, कारण चूल रोज पेटत होती. दंडाची रक्कम मात्र एकदा ठरते आणि धुरांडे दुसऱ्या दिवशीही चालूच असते.